रस्ता चुकलात? अभिनंदन!

लढाई रटाळ, चाल गोगलगायीची, नकाशावर ना बाण ना खूण. तरीही २००२ सालचा 'मॉरोविंड' एकदा अंगात भिनला की उतरता उतरत नाही. असं आहे तरी काय या गेममध्ये?

रात्रीचे पावणेदोन. सकाळी नऊला क्लायंट कॉल. शहाण्या माणसाने या वेळी गाढ झोपलेलं असावं. मी मात्र राखेच्या वादळात एक तंबूंची वस्ती शोधत तासभर भटकतोय. समोर चार हातांपलीकडचं दिसत नाही. डोक्यावर टेरोडॅक्टिलसारखे दिसणारे ते भिकारडे पक्षी घिरट्या घालतायत. वस्ती बेटाच्या उत्तर अंगाला, डोंगरांमध्ये कुठेतरी आहे, एवढंच ठाऊक. 'कुठेतरी' म्हणजे कुठे? ते ज्याचं त्याने शोधायचं.

कुठलाही आजचा गेम असता तर पडद्यावर एक गोंडस बाण आला असता. इकडे वळा, तिकडे वळा, पोचलात, अभिनंदन. इथे नाही. इथे माझ्याकडे आहे एक डायरी आणि त्यात कुणीतरी सांगितलेला पत्ता. तोही आपल्याकडच्या टपरीवाल्याने सांगावा तसा... 'सरळ जा, पूल लागेल, मग कुणालाही विचारा.'

आणि खरं सांगू? गेल्या वर्षभरात मी इतका खूश क्वचितच झालो असेन.

एक बेट, एक बोट, एक कैदी

ज्यांना गेमिंगचा कीडा कधीच चावलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख. 'मॉरोविंड' हा ओपन वर्ल्ड प्रकारातला रोल प्लेइंग गेम. म्हणजे एक अख्खं जग तुमच्यासमोर उघडं टाकलेलं आणि त्यात तुम्ही कोण व्हायचं, कुठे जायचं, कुणाशी भांडायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा कंपनीच्या 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला हा तिसरा गेम. मे २००२ मध्ये तो पीसीवर आला, मग त्याच वर्षी एक्सबॉक्सवर. याच मालिकेतला २०११ सालचा 'स्कायरिम' पुढे घराघरांत पोचला. तुमच्या ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकने तो खेळला असेल. पण जुन्या जाणत्यांना विचारा, हळूच म्हणतील, 'मॉरोविंडची बात काही और होती.'

या कंपनीने आधी १९९६ मध्ये 'डॅगरफॉल' नावाचा गेम काढला होता. त्यात कॉम्प्युटरकडूनच आपोआप तयार करून घेतलेली हजारो ठिकाणं होती. पण एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं, अशी. 'मॉरोविंड'मध्ये त्यांनी नेमकं उलट केलं. देश सोडला, एकच बेट घेतलं. व्हार्डनफेल त्याचं नाव. मधोमध धुमसता ज्वालामुखी, भोवती राखेची वाळवंटं, दलदल, आणि घराएवढी वाढलेली अळंबी. हे सगळं माणसांनी हाताने मांडलेलं. कुठल्या टेबलावर कुठला चमचा, तेसुद्धा.

गोष्ट सुरू होते ती एका जहाजाच्या तळघरात. तुम्ही कैदी आहात. बादशहाच्या हुकमाने तुमची सुटका झालीये. का, ते कुणी सांगत नाही. सेडा नीन नावाच्या चिखलट गावात तुम्हाला उतरवतात, सरकारी कचेरीत फॉर्म भरून घेतात, एक पाकीट हातात देतात आणि सांगतात, बॅलमोरा गावी अमुक माणसाला भेट. बस्स. दार उघडं. जा कुठे जायचं तिकडे.

पहिल्या रात्रीचा अपमान

आता तक्रारींकडे वळू. कारण तुम्ही हा गेम सुरू केलात तर पहिल्याच तासात मला शिव्या घालाल. मीही घातल्या होत्या, ज्याने मला हा गेम दिला त्याला. आमच्याच टीममधला टेस्टर. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याला गाठला.

"अरे, चिखलातल्या एका खेकड्याने मारलं मला! तलवार त्याच्या आरपार जाते, आणि गेम म्हणतो वार चुकला. बग आहे हा."

"बग नाही राजा. तू पळत पळत गेला होतास ना?"

"मग? चालत गेलो तर रात्र होईल. काय ती चाल!"

"तेच तर. तुला दम लागलाय. दमलेल्या माणसाचा वार बसेल का? आणि हातात काय होतं?"

"कचेरीतल्या टेबलावर पडलेला सुरा."

"तू कधी सुरा चालवायला शिकलायस? कॅरॅक्टर बनवताना तर लांब तलवार घेतली होतीस."

हा आहे 'मॉरोविंड'चा फंडा. पडद्यावर काय दिसतंय त्याला महत्त्व नाही. आत गुपचूप फासे पडतात. तुमचं त्या हत्यारातलं कसब, तुमची चपळाई, तुमचं नशीब आणि अंगात उरलेला दम, या सगळ्यांची गोळाबेरीज होऊन ठरतं, की वार बसला की नाही. टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन खेळायच्या जुन्या फँटसी गेम्समधून आलेली ही पद्धत. गेमचे मुख्य डिझायनर केन रोल्स्टन त्याच दुनियेतून आलेले. कागदावर ती शोभते. पण डोळ्यांसमोर तलवार खेकड्याच्या पाठीत घुसताना दिसते आणि तरी काहीच होत नाही, तेव्हा डोक्याला शॉट लागतो. हा दोष आहेच. त्याला गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

पण त्या दोषाच्या पोटात एक गंमत दडलीये. २७ कौशल्यांपैकी जे वापराल तेच वाढतं. तलवार फिरवा, तलवार सुधारते. उड्या मारा, उडी सुधारते. (म्हणूनच या गेममधली मंडळी बाजारातून बेडकासारखी उड्या मारत फिरताना दिसतात!) वीसेक तासांनी तुम्ही पुन्हा त्याच दलदलीतून जाता, तोच खेकडा अंगावर येतो, आणि एका वारात खल्लास. ही बढती कुणी तुमच्या पदरात टाकलेली नसते. शंभर वेळा चुकून ती तुम्ही कमावलेली असते. वर्षाकाठी एकदा 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' ऐकून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना या हिशेबाचं फार सुख वाटतं.

बाण नाही, पत्ता आहे

पण मला खरा पकडला तो रस्त्यांनी.

बॅलमोराला ज्याला भेटायचं तो कायस कोसेडीस. एका खोलीत राहणारा, उघडाबंब, नशापाणी करणारा म्हातारा. हाच बादशहाच्या हेरांचा इथला प्रमुख निघतो! आणि हा बॉस पहिल्याच भेटीत काय सांगतो? 'तू अजून कच्चा आहेस. हे २०० मोहरा घे, बाहेर काही कामं कर, थोडा अनुभव घे, मग ये.' जगाला वाचवायला निघालेल्या हिरोला अनुभवाचं सर्टिफिकेट मागणारा दुसरा गेम मी पाहिलेला नाही.

त्यानंतर पहिलं मोठं काम येतं. गावाबाहेरच्या अवशेषांमधून एक छोटी पेटी आणायची. पत्ता तोंडी मिळतो. अमुक किल्ल्यावरून पुढे जा, लाव्हाच्या सुकलेल्या घळीवरचा जुना पूल ओलांड. गेलो. पूल सापडला. पण अवशेषांना दारच नाही! अर्धा तास डोंगराला प्रदक्षिणा घातल्या. शेवटी एका पाइपावर छोटा दांडा दिसला. फिरवला, आणि दगड बाजूला सरकला. आत शिरल्यावर पुन्हा तेच. ती पेटी एवढीशी, फडताळावर धूळ खात पडलेली, चटकन डोळ्यांत न भरणारी. जगभरच्या खेळाडूंनी या पेटीला लाखोली वाहिलेली आहे. मीही वाहिली. पण ती हाताला लागली तेव्हा जो आनंद झाला, तो नकाशावरच्या ठिपक्याकडे चालत गेल्यावर झाला असता का?

मी वही आणली. खरीखुरी, दुकानातून, रेघांची. गेममध्ये डायरी आहे, पण तिच्यात सगळं तारखेनुसार एकाखाली एक कोंबलेलं. तीस पानं मागे गेल्याशिवाय जुनं काम सापडायचं नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये आलेल्या 'ट्रायब्युनल' या पुरवणीने कामांची सूची देऊन ते थोडं सुसह्य केलं. तरी मी वहीच वापरली. त्यात काढलेले नकाशे आज बघतो तेव्हा हसू येतं. पण एक गोष्ट खरी. फोनवरच्या नकाशाने मी तीन वर्षं ज्या रस्त्याने ऑफिसला गेलो, तो रस्ता मला तोंडपाठ नाही. व्हार्डनफेलचा आहे.

प्रवासाचंही तसंच. मनात आलं की टुणकन हव्या त्या ठिकाणी, असा प्रकार नाही. गावोगावी जाणारे 'सिल्ट स्ट्रायडर' आहेत. उंचच उंच पायांचे महाकाय किडे, त्यांच्या पोकळ केलेल्या कवचात बसून जायचं. पण ठरलेल्या गावांनाच. पुढे होडी. काही शहरांत जादूगारांच्या संघाचा माणूस पैसे घेऊन तुम्हाला दुसऱ्या शहरात पोचवतो. म्हणजे दादरला उतरून गाडी बदलायची, मग पुढे बस, मग पायी, असं सगळं डोक्यात जुळवावं लागतं. आठवड्याभरात ते जमतं, आणि त्या क्षणी तुम्ही पाहुणे उरत नाही. त्या गावचेच होता.

देव, कर आणि दीपगृह

हे जग परकं आहे, पण खोटं नाही. इथे गोऱ्यापान राजपुत्राची आणि ड्रॅगनची गोष्ट नाही. राखाडी कातडीचे, लाल डोळ्यांचे डनमर लोक आहेत, त्यांच्यावर परक्या साम्राज्याचं राज्य आहे, आणि त्यांच्यातलेच बडे लोक गुलाम बाळगून आहेत. व्हिवेक नावाचा एक जिवंत देव आहे. (आपल्या विवेकशी काही नातं नाही!) अर्धं अंग सोनेरी, अर्धं राखाडी, हवेत मांडी घालून तरंगणारा. त्याला जाऊन प्रश्न विचारता येतात, आणि तो देव कसा झाला याच्या एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या पुस्तकांतून वाचता येतात. खरी कुठली? गेम सांगत नाही. तुम्ही ठरवा.

छोटी कामंही अशीच. पहिल्याच गावाबाहेर दलदलीत एक प्रेत सापडतं. कर वसूल करणारा सरकारी माणूस. अंगावर २०० मोहरा. पैसे कचेरीत जमा करायचे की खिशात घालायचे? खुनी शोधलात तर तो सांगतो, हा आमच्या कराच्या पैशावर मजा मारत होता. टीडीएस कापून गेलेली सॅलरी स्लिप आठवते आणि क्षणभर खुन्याची बाजू पटते. मग गावातल्या दीपगृहात जाता. दिवा सांभाळणारी बाई त्या मेलेल्या माणसाची प्रेयसी निघते. तिने दिलेली अंगठी त्याच्या बोटात होती... हे सगळं पहिल्या गावात, मुख्य गोष्ट सुरूही होण्याआधी. आणि कुणी तुम्हाला हे शोधायला सांगितलेलंही नसतं.

मोडा, तोडा, उडा

आणखी एक भन्नाट गोष्ट. हा गेम तुम्हाला अडवत नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर चालताना अचानक किंकाळी ऐकू येते आणि आभाळातून एक जादूगार धपकन तुमच्यासमोर पडून मरतो. त्याच्या खिशात उडीचे तीन मंत्र. वाचलात तर काही सेकंद तुमची उडी इतकी अचाट होते, की अर्धं बेट ओलांडाल. पण उतरणार कसे? तो बिचारा तिथेच तर चुकला! (दुसरा मंत्र जमिनीला टेकण्याआधी वाचायचा. मला तीन वेळा मरून कळलं.)

वाटेत एक बाई भेटते, जिच्याकडे वाऱ्याच्या वेगाचे बूट आहेत. घातले की वेग तुफान, फक्त डोळ्यांना काही दिसत नाही. आमच्या एका प्रमोशनवाल्या मित्राची आठवण झाली. औषधं बनवायला शिकलात तर बुद्धी वाढवणारं औषध पिऊन आणखी चांगलं औषध, ते पिऊन आणखी... असं करत देवालाही लाजवाल. एवढंच काय, गोष्टीसाठी अत्यावश्यक असलेल्या माणसालाही तुम्ही ठार मारू शकता. गेम फक्त कळवतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, आता हवं तर जुनी सेव्ह उघडा, नाहीतर या बिघडलेल्या जगात राहा. तुमची चूक, तुमचं जग.

आजचे मोठे गेम्स इतकं मोकळं सोडत नाहीत. आपण हरवू, चिडू, गेम बंद करू, अशी त्यांना भीती असते. 'मॉरोविंड' आपल्याला मोठा माणूस समजतो. किंवा मग आपली अजिबात पर्वा करत नाही. दोन्हींतलं काय खरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"तू तो नाहीस"

आता पुन्हा त्या पावणेदोनच्या रात्रीकडे. अखेर वादळ थांबलं आणि वळणापलीकडे तंबू दिसले. उरशिलाकू टोळीचा तळ. इथे त्यांच्या जाणत्या बाईला भेटायचं होतं. भविष्यवाणी अशी, की जुना वीर नेरेवार पुन्हा जन्म घेईल. बादशहाने तुम्हाला का सोडलं, तर तुमची जन्माची माहिती त्या वर्णनाशी जुळते म्हणून. थोडक्यात, रेझ्युमे मॅच झाला.

दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये त्या बाईने माझ्या पायावर लोळण घेतली असती. हिने शांतपणे सांगितलं, तू तो नाहीस. तू तो होऊ शकशील, असा एक आहेस. आणि तुझ्याआधीही असे येऊन गेलेत.

पुढे एका गुहेत ते आधीचे भेटतात. त्यांची भुतं. सगळी चिन्हं जुळलेली, तरी अर्ध्यावर संपलेली माणसं.

मी उठून पाणी प्यायलो. महिनाभरापूर्वी मला टीम लीड केलं होतं. कार्ड नवं, डेस्क खिडकीजवळचं, आईने सोसायटीभर पेढे वाटलेले. आणि रोज सकाळी लिफ्टमध्ये माझ्या पोटात गोळा यायचा. आज कळणार सगळ्यांना, की आपण 'तो' नाही. माझ्या आधीचा लीड सहा महिन्यांत सोडून गेला होता. हे मी कुणाला बोललो नव्हतो. आणि एका जुनाट गेममधली, दगडासारखी जागेवर उभी असलेली एक म्हातारी मला सांगत होती, बरोबर आहे तुझं, तू नाहीसच. त्यात लाजायचं काय? चिन्हं जुळली म्हणून कुणी तो होत नसतो. पुढची कामं केलीस तर होशील.

मला कुठला साक्षात्कार वगैरे झाला नाही. सकाळचा कॉलही यथातथाच झाला. पण एका प्रश्नावर पहिल्यांदाच म्हणालो, "हे मला माहीत नाही. विचारून सांगतो." आभाळ कोसळलं नाही. क्लायंट म्हणाला, "ओके."

मग दोष?

आहेत, आणि भरपूर आहेत. माणसं दिवसरात्र एकाच जागी उभी. शंभर गावकऱ्यांना एकच प्रश्न विचारा, शंभर जण शब्दन् शब्द तेच उत्तर देतील. बोलणं बहुतेक सगळं वाचायचं, ऐकायचं फारसं नाही. निम्मी कामं 'हे तिथे नेऊन दे' छापाची. काही पत्ते धडधडीत चुकीचे. आणि एकदा बळ आलं, की कुणी तुमच्यासमोर टिकत नाही, शेवटचे वीस तास फिके पडतात. तांत्रिक बाजू तर विचारूच नका. मेमरी संपत आली, की लोडिंगचं चित्र दाखवून मागच्या मागे अख्खा एक्सबॉक्स रीस्टार्ट केला जायचा, हे प्रोजेक्टचे प्रमुख टॉड हॉवर्ड यांनीच पुढे सांगितलंय. आपल्या आयटी डिपार्टमेंटचाही हाच रामबाण उपाय नाही का?

सगळ्यात गमतीचा दोष म्हणजे धुकं. त्या वेळच्या मशीन्सना लांबचं दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून दूरवर सगळं धूसर ठेवलं. आज धुकं काढून टाकणारे मॉड्स मिळतात. ते लावले की कळतं, अरेच्चा, हे बेट फार मोठं नाहीच! दोन दिवसांची पायपीट वाटलेलं गाव टेकडीपलीकडेच होतं. मी तो मॉड दहा मिनिटांत काढून टाकला. काही जागा धुक्यामुळेच मोठ्या असतात.

आणि चाहते? पीसीच्या खोक्यात जग घडवण्याचं हत्यारच दिलेलं होतं, कन्स्ट्रक्शन सेट. त्याच्या जोरावर 'टॅम्रिएल रीबिल्ट' नावाचा गट वीस वर्षांहून जास्त काळ बेटाबाहेरचा मुलूख बांधतोय, एक पैसा न घेता, ऑफिसं सांभाळून. डेडलाइनशिवायही माणसं काम करतात, याचा पुरावा हवा असेल तर तो हा.

चौकट : पहिल्या आठवड्याची शिदोरी

- कॅरॅक्टर बनवताना एकच हत्यार निवडा आणि तेच वापरा. टेबलावरचा फुकट सुरा मोहात पाडतो, पाडू देऊ नका.
- लढाईआधी दोन मिनिटं थांबा, दम भरू द्या. पळत जाऊन वार केलात तर चुकणारच.
- पहिले काही तास गावातच काढा. कचेरीच्या अंगणातलं पिंप उघडून बघायला विसरू नका. आतली अंगठी कुणाची, ते बाहेर पडताच कळेल.
- वही ठेवा. थट्टा नाही, खरंच ठेवा.
- 'ट्रायब्युनल' आणि २००३ सालची 'ब्लडमून' या दोन्ही पुरवण्या असलेली 'गेम ऑफ द इयर' आवृत्ती घ्या. साध्या लॅपटॉपवरही चालते.
- सकाळी कॉल असेल तर रात्री अकराला गजर लावा. मी लावत नव्हतो.

तर मंडळी, हा गेम सगळ्यांसाठी नाही. दिवसभर राबून आल्यावर अर्धा तास निव्वळ टाइमपास हवा असेल, तर याच्या वाटेला जाऊ नका. तो तुमच्या वेळेची कदर करणार नाही. पण दिवसभर कॅलेंडर, रिमाइंडर आणि नकाशातली बाई सांगेल तसं वागून जीव विटला असेल, तर एका शुक्रवारी रात्री सेडा नीनच्या धक्क्यावर उतरून बघा. कुणी काही सांगणार नाही. दार उघडं असेल.

आणि पुलाशी रस्ता चुकलात, तर मला फोन करू नका. कुणालाही विचारा!